टेबलाखालची पाचर

४ फेब्रुवारी

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलं दिसतंय, म्हणून कागद घेतला. पाकीट मात्र तू फोडशीलच. आत काय आहे ते कळल्याशिवाय तुला चैन पडत नाही, ही खोड लहानपणापासूनची.

खुशाली नंतर विचारते. आधी एका प्रश्नाचं सरळ उत्तर दे. आपल्या यंत्राबद्दल तू बाहेर कुणाला काय बोललास?

काल वकीलबाईंनी मला बोलावून घेतलं. पेटंटचं सगळं काम त्याच बघतात. आपण अर्ज केला त्याच्या थोडं आधी दुसऱ्या एका कंपनीने अर्ज टाकलाय, आणि तो आपल्यासारखा आहे असं म्हणणं म्हणजे सभ्यपणा झाला. मी तिथेच खुर्चीत बसून वाचला. 'मध्ये प्लॅस्टिकची फिल्म असलेल्या दुहेरी काचेतील फिल्म तापलेल्या तारेने कापून दोन्ही काचा अखंड सुट्या करण्याचे साधन.' टेबल तेच. काच आधी खालून शेकून घ्यायची, तेही तेच. तार सरळ न ओढता करवतीसारखी मागेपुढे करत न्यायची, ही युक्ती मी आणि बाबांनी किती काचा फोडून शोधली ते तुला माहीत आहे. तीही त्यांच्याकडे आहे.

आता ही कंपनी काच कुणाकडून घेते? तू नोकरी करतोस त्याच कारखान्याकडून.

तरी मी मनाला समजावलं, की असेल योगायोग, दोन डोक्यांत एकच गोष्ट येऊ शकते. मग चित्र पाहिलं. चित्रात टेबलाच्या मागच्या डाव्या पायाखाली एक पाचर काढली आहे. तिला क्रमांक दिलाय, नावही दिलंय. 'तोलपाचर.' ती पाचर म्हणजे काय आहे ठाऊक आहे? आपल्या दुकानाची फरशी त्या कोपऱ्यात खचली आहे, टेबल डुगडुगायचं, म्हणून मी सरकवलेला फळीचा तुकडा. यंत्राशी तिचा काडीचा संबंध नाही. दुसऱ्या कुठल्याही खोलीत यंत्र ठेवलं तर त्या पायाखाली काही लागणार नाही. म्हणजे ज्याने हे चित्र काढलं किंवा काढवलं, त्याने आपलं यंत्र आपल्याच दुकानात, मागच्या खोलीत, डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्या खोलीत आजवर वावरलेली माणसं तीन. मी, बाबा आणि तू. मी बोलले नाही. बाबांना कंपनी म्हणजे काय तेही नीट माहीत नाही. उरलं कोण, ते मी कशाला लिहू.

उत्तर पाठव.

ताई

२३ फेब्रुवारी

तुझं उत्तर मिळालं. 'कसली पाचर? मला यातलं काही माहीत नाही. ताई, मला यात ओढू नकोस.' बस? दोन वर्षांनी बहिणीला लिहिलंस ते एवढंच?

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. निर्दोष माणूस चिडतो. शिव्या देतो, फोन करतो, गाडी पकडून दारात येऊन उभा राहतो. तू म्हणतोस, 'ओढू नकोस.' म्हणजे ओढण्यासारखं काहीतरी आहे. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं मला कळतं. आणि 'कसली पाचर' हे तर फारच साळसूद झालं. जणू काही टेबल तू कधी पाहिलंच नाहीस.

आपलं शेवटचं भांडण कशावरून झालं होतं ते मला आठवतंय. तू म्हणत होतास, 'ताई, आधी अर्ज कर, मग हव्या तितक्या काचा फोडत बस.' मी म्हणत होते, एक तरी मोठी काच तडा न जाता निघू दे, मग अर्ज. बाबा मध्ये पडले तर तू त्यांच्यावरही आवाज चढवलास. तेव्हा मला वाटलं, हा उतावळा आहे. आता वाटतं, तुला एवढी घाई का होती? तेव्हापासूनच कुणाशी बोलणी चालू होती का?

मी काय केलं ते तुला दुसऱ्याकडून कळायला नको, म्हणून मीच लिहिते. कंपनीच्या अर्जावर आपण आक्षेप घेतला आहे. आक्षेपात लिहावं लागतं, की आपली वस्तू त्यांच्या हातात कशी पडली. वकीलबाईंनी विचारलं, 'तुमचा संशय कुणावर आहे?' मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी पेन थांबवून विचारलं, 'सख्खा भाऊ?' मी हो म्हटलं. घरातल्या माणसाने विश्वासाने कळलेली गोष्ट फोडली, असं ठरलं तर त्यांचा अर्ज पडतो आणि आपला उभा राहतो. त्यामुळे तुझ्या कारखान्यालाही नोटीस जाईल, चौकशी होईल. तुला काही लपवायचं नसेल तर भ्यायचं कारण नाही.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, 'पोरगा असं करायचा नाही.' मी म्हटलं, मग कुणी केलं? तर उठले आणि दुकानाची पुढची खिडकी पुसायला लागले. ती मी सकाळीच पुसली होती. तुझा विषय निघाला की ते असं काहीतरी काम काढतात. तुझ्यामुळे या वयात त्यांना हे सोसावं लागतंय.

ताई

१७ मार्च

तुझ्या बायकोचा फोन आला होता. तुला भट्टीवरून काढून गोदामात बसवलंय म्हणे. चौकशी होईपर्यंत. ती रडत होती, आणि मग ओरडायला लागली, आणि मग तिने ठेवून दिला.

तुझ्या घरात मला कुणी छळवादी म्हणत असेल तर खुशाल म्हणू दे. मी काय करू ते सांगा. आता चौकटीत काच बसवून घ्यायला कोण येतं? आरसा फुटला तर लोक नवा आणतात, तोही चौकटीसकट. मोडीत निघालेल्या बस-गाड्यांच्या दुहेरी काचा कुणालाच नको असतात, कारण त्या धड काच म्हणून वितळवता येत नाहीत की प्लॅस्टिक म्हणून विकता येत नाहीत. त्या आपल्याला सुट्या करता येतात, इतर कुणाला नाही. हे दुकान यापुढे चालेल ते त्याच्यावरच. ते गेलं तर मी या वयात दुसऱ्याच्या दुकानात काचा पुसायला जाऊ का?

सध्या मला कुणाचाच भरवसा वाटत नाही. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू हल्ली जिना उतरताना दुकानात डोकावतो. वकीलबाईंच्या कचेरीतला झेरॉक्सवाला आपले कागद काढताना फारच सावकाश काढतो. वकीलबाई स्वतः गोड बोलतात, आणि गोड बोलणाऱ्यांचं मला वावडं आहे. मागच्या खोलीला मी कुलूप लावलंय. किल्ली गळ्यात. बाबांना आत जायचं असेल तर मला सांगावं लागतं, त्यामुळे ते जातच नाहीत. दिवसभर पुढच्या काउंटरवर बसून रस्ता बघतात.

ते हल्ली माझ्याबरोबर जेवत नाहीत. भूक नाही म्हणतात आणि नंतर एकटेच जेवतात. तू त्यांना काही लिहिलंस का? लिहिलं असशील तर मला कळव.

ताई

९ एप्रिल

हे लिहायला मला फार जड जातंय, तेव्हा मध्ये थांबू नकोस, एका दमात वाच.

काल दुकानातला नळ गळायला लागला म्हणून नळवाल्याला बोलावलं. तो मागच्या खोलीत शिरला, टेबलाखाली पाहिलं आणि हसला. म्हणाला, 'अजून ती फळी तशीच आहे होय? मी तेव्हाच सांगितलं होतं, खालची माती बसली की फरशी खचणार, परत मला बोलवा.' मी विचारलं, तेव्हा म्हणजे कधी? तो म्हणाला, 'ताई, असं काय करता? तुमच्या भावाची खोली रिकामी झाली ना, म्हणून सांडपाण्याचा पाइप तिकडून काढायचा ठरला. त्याच वेळी नाही का मी ही फरशी उपटली.'

मी खाली बसले. खरंच बसले, त्या ओल्या फरशीवर.

तू गेल्यावर खोदकाम झालं. खोदकाम झाल्यावर फरशी खचली. फरशी खचल्यावर मी फळी सरकवली. तू घरात होतास तोवर टेबल सरळ उभं होतं. पाचर तू पाहिलेलीच नाहीस. 'कसली पाचर' हे तू खरं विचारलं होतंस.

इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात कशी आली नाही? ती फळी मीच माझ्या हाताने सरकवली. पण मला वाटायला लागलं होतं की ती कायमचीच तिथे आहे. रोज समोर असलेली वस्तू पहिल्यापासून तिथेच होती असं वाटतं. वकीलबाईंना मी 'आमच्याकडे पहिल्यापासून पाचर आहे' असं ठणकावून सांगितलंय. तेही लेखी.

मी माफी वगैरे मागत नाहीये. तशी वेळ अजून आलेली नाही, कारण कुणी केलं ते अजून कळलेलं नाही. तू नसशील तर दुसरं कुणीतरी आहे, आणि ते कुणीतरी तू गेल्यावर आत येऊन गेलंय. काल मी नळवाल्याला चहा देऊन त्याचीच अर्धा तास उलटतपासणी घेतली. तो शेवटी चहा अर्धा ठेवून उठला. म्हणाला, 'नळ दुरुस्त झालाय, मी जाऊ का?' त्याच्यावरही माझी नजर आहे.

गोदामात गारठा असतो का? तुझी छाती लगेच भरते. स्वेटर घालत जा.

ताई

२० मे

कळलं. कुणी केलं ते कळलं.

जेवताना मी कंपनीचा अर्ज वाचत होते. बाबा काउंटरवरून आत आले होते, कारण ऊन पुढे आलं होतं, म्हणून त्यांचंही ताट मी तेव्हाच वाढलं होतं. मी काही त्यांच्यासाठी वाचत नव्हते, वैतागाने मोठ्याने वाचत होते. पाचरीचा परिच्छेद आला. 'सदर तोलपाचर हा साधनाचा अत्यावश्यक भाग असून तिच्यामुळे काचेवरील ताण समतोल राहून तडा जाण्याचे टळते. पाचर काढल्यास काच दुभंगते.'

बाबा हसले. म्हणजे गालात नाही, खदाखदा. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच होते. म्हणाले, 'अगं, ते मी त्याची फिरकी घेतली होती. त्याने खरं मानून लिहून घेतलं की काय?'

आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईने डोळे पुसून मान खाली घातली.

टेबलवाला म्हणून एक गिऱ्हाईक तू गेल्यावर येत होतं. कॉफीच्या टेबलावर घालायला त्याला काच हवी होती. कधी माप चुकलं म्हणून, कधी कडा गुळगुळीत करून हवी म्हणून, येतच राहिला. पायपुसण्यावर बूट नीट पुसून आत यायचा, त्यामुळे मला तो सज्जन वाटला. मी, जी वकिलावर संशय घेते, झेरॉक्सवर संशय घेते, सख्ख्या भावावर घेते, तिने त्याला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. दुपारी मी लोकांच्या घरी काचा बसवायला जाते, तेव्हा तो बाबांपाशी बसायचा. बाबांनी त्याला मागच्या खोलीत नेलं. तार ओढून दाखवली, काच शेकून दाखवली. त्याने विचारलं, ही पाचर कशाला? बाबा म्हणाले, 'सगळं मर्म तिच्यातच आहे, ही काढली की काच गेली.' आणि त्या शहाण्याने ते कंपनीला सांगून पाचरीचंही पेटंट मागितलं.

मी विचारलं, बाबा, त्याला सांगितलं होतं का, की हे कुणाला बोलू नका? ते म्हणाले, 'का सांगू? मी तर सगळ्यांना दाखवायचो. शेजारची शिवणकाम करते तिला दाखवलं. पोस्टमनला दाखवलं. एकदा रस्ता चुकलेला माणूस पत्ता विचारायला आला, त्यालाही दाखवलं. दुपारी मी एकटाच असतो. कोणी आलं की बरं वाटतं.'

मला ओरडायचं होतं. पण ओरडण्याआधी मी विचारलं, इतके महिने मी त्याच्यावर आळ घेत होते, तो गोदामात जाऊन पडला, तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलात?

त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि अगदी हळू म्हणाले, 'मला तुझी भीती वाटते ग. तो लांब आहे. त्याच्यावर तू चिडलीस तर कागदावर. मला इथंच राहायचंय.'

हे तुला जसंच्या तसं लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

आता मुद्द्याचं. वकीलबाईंना मी यातलं काही सांगितलेलं नाही. नुसतं विचारलं, 'एका ओळखीच्या बाईंचं असंच प्रकरण आहे, त्यांच्या वडिलांनी यंत्र येईल त्याला दाखवलं होतं, अर्ज करायच्या आधी.' त्या म्हणाल्या, 'मग ते नवीन राहिलं नाही. ना चोरणाऱ्याला पेटंट, ना त्या ओळखीच्या बाईंना. कुणीही बनवावं, कुणीही वापरावं.' आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. बघू देत.

म्हणजे तुझं नाव आक्षेपातून काढलं तर खरं काय ते सांगावं लागतं, आणि खरं सांगितलं तर यंत्र हातचं जातं. तुझं नाव राहिलं तर यंत्र राहतं. मी रात्रंदिवस याच्यावर डोकं आपटलं, तिसरा रस्ता नाही.

तेव्हा तू एवढंच कर, की काही करू नकोस. सुनावणीला येणार नाही असं तू कळवलंच आहेस. तसाच राहा. कागदावर एक नाव, बाकी काय? तू तसाही घर सोडलेला. काच खालून शेकायची कल्पना तुझी होती, हे मी कुठे नाकारलं? अर्जात नाव घातलं नाही, कारण तेव्हा तू इथे नव्हतास. पेटंट मिळालं की तुझं नाव घालू, अर्धा वाटा तुझा. मग गोदामाची नोकरी लाथाडून ये. नीट विचार कर आणि लिही.

ताई

११ जून

'तुला योग्य वाटेल ते कर.' हे काय उत्तर आहे?

नाही म्हण. शिव्या दे. मी वाट बघत होते, की तू नाही म्हणशील, मग मी तुझ्याशी भांडेन, मग काहीतरी ठरेल. तू सगळं माझ्यावर टाकून हात झटकलेस. यात काही डाव तर नाही ना? सुनावणीत एकदम उगवून मला तोंडघशी पाडायचा विचार असेल तर आत्ताच सांग.

बाबांचं नाव शोधकांमध्ये आहे, त्यामुळे अधिकारी त्यांनाही बोलावणार. मी त्यांना समजावलं, काही विचारलं तर म्हणायचं, 'वय झालंय, आठवत नाही.' ते मान हलवतात. मी रोज विचारून घेते. काल म्हणाले, 'आठवत नाही असं म्हणायचं, हे तरी आठवेल का मला?' मी हसले नाही, म्हणून तेही हसायचे थांबले.

मागच्या खोलीची किल्ली मी त्यांना परत दिली. ती त्यांनी काउंटरच्या खणात ठेवून दिली, वापरत नाहीत.

ताई

२ जुलै

आज सुनावणी झाली. तू आला नाहीस.

खोली लांबट होती. एका बाजूला कंपनीची माणसं, त्यांचा वकील आणि टेबलवाला. हो, तोही होता, तसाच चकचकीत बूट घालून, आणि त्याने मला मान लववून नमस्कार केला. दुसऱ्या बाजूला वकीलबाई, मी, बाबा. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि हात मांडीवर ठेवले होते. मध्ये अधिकारी, थकल्यासारखा दिसणारा, पण नीट ऐकणारा माणूस.

आधी माझी पाळी होती. आक्षेपात आहे तेच मी सांगितलं. तुझं नाव घेतलं. आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं. कंपनीचा वकील म्हणाला, भाऊ हजर नाही, त्याने इन्कारही केलेला नाही, पण आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. टेबलवाला छताकडे बघत होता.

मग बाबा. अधिकाऱ्याने नाव विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग नाव सांगितलं. त्याने विचारलं, किती वर्षं काचेचं काम करता? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्याने विचारलं, हे यंत्र घराबाहेरच्या कुणी पाहिलं होतं का? बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ नुसते हलले. अधिकारी म्हणाला, 'आजोबा, इकडे बघून बोला. त्यांना काय विचारताय?' कुणीतरी हसलं. बाबा म्हणाले, 'मला...' आणि पुन्हा माझ्याकडे वळले.

तुला ते तोंड दिसलं नाही म्हणून तू सुटलास. लहान पोराच्या हातून काच पडली की ते आधी काचेकडे बघत नाही, घरच्यांकडे बघतं, तसं. ऐंशीच्या घरातला माणूस. ज्याने मला हिऱ्याची लेखणी हातात धरून काचेवर पहिली रेघ ओढायला शिकवली.

मी उठले. अधिकाऱ्याला म्हटलं, मी बाहेर बसते. वकीलबाईंनी माझा हात धरला आणि कुजबुजल्या, 'बाहेर गेलात तर ते काय बोलतील ते आपल्या हातात नाही.' मी म्हटलं, ठाऊक आहे. बाबांना म्हटलं, 'जे झालं ते सांगा. मी आहे बाहेर.' ते माझ्याकडे संशयाने बघत राहिले. मी दार लोटून घेतलं.

बाहेर बाक होता, दाराच्या समोरच. दाराला काच आपलीच, म्हणजे दुहेरी, कडेला फिल्म पिवळी पडलेली. दोन काचांमध्ये फिल्म असली की आवाज मरतो, तुला सांगायला नको. मला एक शब्द ऐकू आला नाही. फक्त दिसत होतं.

पहिल्यांदा ते नुसते बसून राहिले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, मी तिथेच आहे का बघायला. मी तोंड खिडकीकडे वळवलं. परत वळले तेव्हा ते उभे होते. दोन्ही हात पसरून टेबलाची लांबी दाखवत होते. मग तळवे उपडे करून खालून शेक कसा द्यायचा ते. मग दोन चिमटीत तार धरून मागेपुढे, मागेपुढे, आणि खांदाही तसाच हलत होता, दुकानात हलतो तसा. अधिकाऱ्याने लिहिणं सोडून दिलं होतं. मग बाबा वाकले. टेबलाखाली बोट दाखवलं आणि टेबलवाल्याकडे बघून काहीतरी म्हणाले, आणि अख्खी खोली हसली, कंपनीचा वकीलसुद्धा तोंडावर हात धरून. टेबलवाला तेवढा हसला नाही. बाबा सांगतच होते. बोटं दुमडून एकेक माणूस मोजत होते, शेजारीण, पोस्टमन, रस्ता चुकलेला तो. त्यांचं तोंड असं उजळलं होतं की मला दार उघडून आत जावंसं वाटलं. गेले नाही. गेले असते तर त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं असतं.

यंत्र गेलं. वकीलबाई बाहेर येऊन तेवढंच म्हणाल्या, 'ओळखीच्या बाईंना कळवा.' निकाल लेखी येईल, पण दोन्ही अर्ज पडणार यात शंका नाही. आता ज्याला हवं त्याने बनवावं. तुझ्यावर काही ठपका नाही, यंत्र भावाने फोडलेलं नाही, असं अधिकाऱ्याने टिपून घेतलंय आणि त्याची प्रत तुझ्या कारखान्याला जाणार आहे. मी ती स्वतःही पाठवते, पोस्टावर माझा विश्वास नाही. दुकानाचं काय करायचं ते मला अजून समजत नाही. त्याच्याबद्दल मी रडले, तेही इथे लिहून ठेवते. आणि तुझ्याबद्दल मी जे केलं ते चुकीचं केलं. ते आधीच चुकीचं होतं, पाचर कळली तेव्हाच. पुढचे जवळजवळ तीन महिने मी ते जाणूनबुजून केलं.

पण मी हे पत्र आज, बसस्टॉपवरून आल्या आल्या लिहिते आहे ते दुसऱ्याच कारणासाठी.

बाबा बाहेर आले. म्हणाले, 'सगळं सांगून टाकलं. चिडलीस?' मी म्हटलं, नाही. जिन्यावर पुन्हा विचारलं, 'चिडलीस ना?' मी म्हटलं, नाही हो बाबा, खरंच नाही. त्यांनी मान हलवली आणि रस्त्याला लागल्यावर माझ्या मागून चालायला लागले, एक पाऊल अंतर ठेवून. मी थांबले की थांबायचे. आत्ता ते त्यांच्या खोलीत आहेत, दिवा बंद करून. झोपलेले नाहीत, खोकला ऐकू येतोय. मी दारातून सांगितलं, जेवायला चला, मी चिडलेले नाही.

माझं त्यांना खरं वाटत नाही. वाटावं असं मी काही ठेवलेलं नाही. तुझं वाटेल. तू त्यांना दोन ओळी लिही, किंवा फोन कर, माझा नको उचलूस, त्यांना कर. सांग की ताई खरोखरच चिडलेली नाही.

ताई